पाणी ओतायचं राहिलं

बुर्गास, ९ मार्च २००१

प्रिय बिसेरा,

आईला येत्या गुरुवारी सोडणार आहेत. डॉक्टरांशी मी पुन्हा बोलले. टाके वाळलेत, पण काळीज अजून कच्चं आहे म्हणतात. उन्हाळा संपेपर्यंत कसलाही धक्का बसता कामा नये. मी विचारलं, "कसलाही म्हणजे?" तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही काळ्या कपड्यांत उभ्या आहात. मी काय सांगायचं?"

तेव्हा ठरलं. मनोल गेला हे आईला शरद ऋतूपर्यंत कळू द्यायचं नाही. ती प्लोव्दिवला ऑपरेशनच्या टेबलावर होती त्याच आठवड्यात तिचा मुलगा जंगलात ट्रॅक्टरखाली सापडला, आणि तिच्याशिवायच आपण त्याला पुरला. हे मी तिच्या खाटेपाशी बसून कुठल्या तोंडाने सांगू? मी तिला सांगितलंय की तो लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर जर्मनीला गेलाय. तूही तेच सांग.

आता नीट वाच. फाटकावर चिकटवलेलं त्याचं छापील शोकपत्रक खरवडून काढ. कोपऱ्यात फोटोचा तुकडासुद्धा राहता कामा नये. बस थांब्यावरचं आणि चर्चच्या भिंतीवरचं असू दे, आई काही तिथवर चालत जायची नाही. तसंही त्यात तिचं नाव नाही. जिला माहीतच नाही तिला शोक करणाऱ्यांत कशी छापायची, म्हणून मी खाली 'पत्नी, बहीण' एवढंच छापून घेतलं होतं.

तू काळे कपडे उतरव. मी काय सांगतेय ते मला कळतंय, पण उतरव. आणि वरच्या पाहुण्यांच्या खोल्या बंद ठेवू नकोस. ओळखीचे पाहुणे वसंतात येतात, त्यांना येऊ दे. बंद दारं दिसली की आई पहिला प्रश्न तोच विचारेल. दुकानातल्या फोनवर तिला ऐकू येत नाही आणि चष्मा लावूनही अक्षर दिसत नाही, ते एक बरं. मनोलची पत्रं मी लिहीन, तू वाचून दाखव. पहिलं सोबत घातलंय.

तुझी,
रुमेना


येलोवो, २६ मार्च

ताई,

आईंना सुखरूप घेऊन आले. दवाखान्यातून निघतानाच माझ्या हिरव्या झग्याकडे बघून म्हणाल्या, "नवा शिवलास?" मी म्हटलं, "हो." तुमच्या भावाला जाऊन सहा आठवडे झाले नव्हते.

गावात उतरलो तेव्हा बस थांब्यावरच्या कागदापुढे शेजारची फिदानाकाकू पाठ लावून उभी राहिली होती. अख्खं गाव सामील आहे. पाद्रीबुवा म्हणाले, हे पाप माझ्या खात्यावर मांड. दुकानदार विचारतो, "मनोलचं पत्र आलं का गं?" तेही इतकं मोठ्याने की मलाच क्षणभर खरं वाटतं.

काळा रुमाल मी सरपणाच्या कोठीत खिळ्याला टांगलाय. कबरीवर जाताना तो बांधते, येताना पुन्हा खिळ्याला अडकवते आणि केस झटकून घरात शिरते.

एक गोष्ट मात्र बिनसली. पहिल्याच संध्याकाळी वाटाण्याचं सूप पीत असताना आईंनी विचारलं, "मनोल निघाला तेव्हा उंबऱ्यावर पाणी ओतलंस ना त्याच्या मागे?" सगळं पाठ करून ठेवलं होतं, ताई. कुठली बस, कुठली टोळी, सोबत कोण. हे मात्र मनातच आलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "नाही. विसरले." त्यांनी चमचा खाली ठेवला, मग उचलला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

तुम्ही लिहिलेलं मनोलचं पत्र वाचून दाखवलं. जर्मनीतल्या थंडीचं ऐकून त्यांनी मान हलवली आणि पत्र उशीखाली ठेवायला मागितलं.

बिसेरा


बुर्गास, ४ एप्रिल

प्रिय बिसेरा,

अगं, 'ओतलं' म्हणायला काय झालं होतं? एवढं मोठं खोटं गिळलंस आणि तांब्याभर पाण्यापाशी अडलीस! येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याच्या मागे तू धावत जाऊन पाणी ओततेस, त्यांची वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून, आणि नवऱ्याच्या मागे विसरलीस म्हणे. आईच्या जागी मी असते तर मला राग आला असता. पुढच्या वेळी विचारलं तर सांग की तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

मनोलचं दुसरं पत्र सोबत आहे. यात मी जरा जास्त लिहिलंय. पाय सुजतात का, रात्री गोळी घेतेस का, असं विचारलंय. वाचताना तिचा चेहरा बघ आणि मला कळव.

रुमेना


येलोवो, १९ एप्रिल

ताई,

चेहरा बघितला. पायांचं वाचल्यावर आईंनी मला थांबवलं. "परत वाच," म्हणाल्या. मी परत वाचलं. मग म्हणाल्या, "सुजतात. लिही त्याला, डावा जास्त."

ईस्टर झाला. सुतक असलेल्या घरात अंडी लाल रंगवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आई चुलीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "रंग कुठाय? पाहुण्यांना पांढरी देणार आहेस काय?" मी रंग आणला. अंडी रंगवली, तेलाने पुसली. रविवारी पहाटे कबरीवर गेले तेव्हा बोटांची टोकं लाल होती. मी हात झग्याच्या घडीत लपवले. कुणापासून लपवले ते मलाच सांगता येत नाही. त्याच्यापासूनच असेल.

पाहुणे यायला लागलेत. सोफियाहून ते जोडपं आलं होतं, ज्यातल्या नवऱ्याने गेल्या साली सिगरेटने चादर जाळली ते. त्याने बटाट्याचं थालीपीठ तीनदा मागून घेतलं आणि विचारलं, "धनी कुठे आहेत? गेल्या वर्षी त्यांनी काय मशकवाद्य वाजवलं होतं!" आई समोरच. मी म्हटलं, "जर्मनीत." आई म्हणाल्या, "तिथे त्याला कोण वाजवू देणार!" सगळे हसले. मीही हसले. मग भांडी घासायला उठले.

दिवस असे चाललेत. मे महिन्यात रुसेहून एक मास्तर येणार आहेत. छातीचा त्रास आहे म्हणून पूर्ण उन्हाळाभर खोली हवी म्हणतात. बरं झालं. घरात माणूस असलं की नाटक करायला जोर येतो.

बिसेरा


बुर्गास, २ जुलै

बिसेरा,

जे ऐकलं ते सरळ विचारते, कारण मागून बोलणं मला जमत नाही.

फिदानाकाकूचा मुलगा इथे बंदरात कामाला आहे, तो भेटला. म्हणाला, तुमच्या भावाच्या घरात रोज रात्री गाणी चालतात. बिसेरा लाल झगा घालते. कुणी लोझान नावाचा माणूस मेपासून राहतोय, त्याच्याबरोबर ती अंगणात बसून शेंगा सोलते आणि हसते. हसते, बिसेरा. काळं उतरव असं मीच म्हटलं होतं, हे मला पाठ आहे. हस असं म्हटलं नव्हतं.

तू चाळिशीचीही नाहीस. मूलबाळ नाही. उद्या तू दुसरं घर केलंस तर तुला कुणी बोल लावणार नाही, मीही नाही. पण मग आईचं काय? एका सकाळी तू बोचकं बांधून रुसेला जाशील आणि ती त्या खोल्यांमध्ये एकटी राहील?

म्हणून मी विचार केलाय. प्लोव्दिवचा एक माणूस आपल्या घराबद्दल विचारतोय, त्याला तिथे हॉटेल बांधायचंय. मनोलचा वाटा तुझा, तो तुला मिळेल, मी कुणाचं बुडवत नाही. आईला मी इकडे आणेन. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, पण समुद्र दिसतो.

आणि ऑगस्टमध्ये सहा महिने होतील. सहामाहीचं शोकपत्रक फाटकावर लागायला हवं. लोक विचारतात.

मनोलचं पत्र सोबत आहे.

रुमेना


येलोवो, ११ जुलै

ताई,

लोझान मास्तर एकाहत्तर वर्षांचे आहेत. रात्री त्यांचे दात पेल्यात आणि ते स्वतः आठ वाजता अंथरुणात असतात. शेंगा सोलतात कारण बोटं आखडू नयेत असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय. पळून जायचंच झालं तर त्यांना आधी पाठुंगळी घ्यावं लागेल.

आता झगा. लाल झगा आईंनी पेटीतून काढून दिला. त्यांच्या तरुणपणचा. "तो हिरवा रोज रोज घालतेस, मनोल काय म्हणेल?" असं म्हणून स्वतः माझ्या अंगाला लावून बघितला. मी काय करायला हवं होतं? सांगा ना. तुम्ही तिथे बसून पत्र लिहिता, पाकिटावर तिकीट लावता, सुटता. मी रोज सकाळी उठून जिवंत माणसाची बायको होते. दुपारी पाहुण्यांना सांगते की तो कसा पहाटे उठून दूध काढायचा, आणि 'काढायचा' म्हणताना जीभ चावते. 'काढतो', ताई. 'काढतो' म्हणावं लागतं.

आणि हो, हसते. एकदा खरंच हसले, मास्तरांनी त्यांच्या शाळेतल्या बकरीची गोष्ट सांगितली तेव्हा. मग सरपणाच्या कोठीत जाऊन रुमालात तोंड खुपसलं. हेही फिदानाकाकूच्या मुलाला कळवा.

या घरात मी एकोणीस वर्षांपूर्वी आले. वरच्या खोल्यांची जमीन मनोलने आणि मी गुडघ्यांवर बसून घासलीय. पांघरुणांची लोकर आईंनी आणि मी ओढ्यावर धुतलीय. माझ्या आईवडिलांचं घर कधीच पडलं. हे घर गेलं तर मला जायला जागा नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आई गेल्या तर मला कुणी नाही. तुम्हाला वाटतं मी त्यांना टाकून जाईन. तुम्हीच त्यांना माझ्यापासून नेताय.

पत्रक लावणार नाही. शरद ऋतूपर्यंत म्हणाला होतात.

बिसेरा


बुर्गास, २३ ऑगस्ट

बिसेरा,

तुझं पत्र कडू होतं. मास्तरांचं मी मागे घेते. बाकीचं नाही घेता येत.

ऑक्टोबरच्या शेवटी, सेंट दिमितरच्या सणाला, मी येते. आईला शांतपणे सांगू, डॉक्टरांची भेट त्याआधी होईल. मग ती माझ्याबरोबर येईल. घराचं तेव्हाच बोलू, त्या माणसालाही मी तेव्हाचंच सांगितलंय.

मनोलचं पत्र या वेळी घातलेलं नाही. दोनदा लिहायला बसले. मेलेल्या भावाच्या तोंडून आईला आता काय विचारायचं उरलंय? सांग की टोळी दूर जंगलात गेलीय.

रुमेना


येलोवो, ८ ऑक्टोबर

रुमेना, माझ्या पोरी,

अक्षर लोझान मास्तरांचं आहे, उन्हाळा संपला तरी ते अजून इथेच आहेत. शब्द माझे, तुझ्या आईचे. ते मधूनमधून माझी वाक्यं सुधारायला बघतात. मी सुधारू देत नाही.

मनोल नाही, हे मला मार्चपासून माहीत आहे.

घाबरू नकोस, काळीज चालू आहे. डॉक्टर म्हणतात, घोड्यासारखं चालतंय.

दवाखान्यात तू जर्मनी म्हणालीस तेव्हा मी मानलं. तुझ्या काळ्या कपड्यांना मी काही विचारलं नाही, वाटलं तुझ्या नवऱ्याकडचं कुणी गेलं असेल. मग घरी आले आणि बिसेराला पाण्याचं विचारलं. ती म्हणाली, विसरले. ही बाई चादर जाळणाऱ्याच्या मागेसुद्धा तांब्या घेऊन धावते. पोस्टमनच्या मागे ओतते. ती स्वतःच्या नवऱ्याच्या मागे विसरेल? ती 'ओतलं' म्हणाली असती तर मी अजून वाट बघत बसले असते. पण तिच्या तोंडून ते निघालं नाही. जो पायांनी चालत गेलाच नाही, त्याच्यासाठी पाणी ओतलं असं तिला म्हणवेना. सूप पिता पिता मला सगळं कळलं. मीठ कमी नव्हतं.

तू विचारशील, मग गप्प का बसलीस. अगं, मला कळलंय असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? घर बंद झालं असतं. दोन काळ्या बायका चुलीपुढे बसल्या असत्या, ती माझ्याकडे बघून रडली असती आणि मी तिच्याकडे बघून. मी म्हातारी आहे, मला चालतं. ती खाणं सोडून बसली असती. मला माहीत नाही असं असलं की तिला चूल पेटवावी लागते, पाहुण्यांना वाढावं लागतं, वाढता वाढता दोन घास स्वतःच्याही तोंडात जातात. लाल झगा मी म्हणूनच काढला. अंडी म्हणूनच रंगवायला लावली. तिच्या बोटांना रंग लागला तरी मी खुर्चीवरून हलले नाही. तिला वाटतं ती मला सांभाळतेय. वाटू दे म्हटलं.

आणि मी रडायचे कधी? पाहुणे गेले की ती चादरी घेऊन ओढ्यावर जाते. तेव्हा.

आता तुझं. मनोलने जन्मात माझे पाय विचारले नव्हते. चांगला मुलगा होता, पण आई म्हणजे त्याला चुलीसारखी, ती असायचीच. पत्रातला मनोल विचारतो, डावा पाय उंच ठेवून झोपतेस का, रात्री एकटीला भीती वाटते का. मी बिसेराला परत वाचायला लावायचे. ती तू होतीस, रुमेना. तू पंधरा वर्षं समुद्राकाठी आहेस. स्वतःच्या नावाने लिहितेस ते छपराबद्दल, विजेच्या बिलाबद्दल. भावाच्या नावाने लिहिलंस तेव्हा माझ्या मुलीचं पत्र आलं. ती सगळी माझ्या उशीखाली आहेत. ऑगस्टपासून तीही थांबली. मला दुसऱ्यांदा कुणीतरी गेल्यासारखं झालं.

परवा मी मास्तरांचा हात धरून बस थांब्यापर्यंत गेले. दोनदा बसले वाटेत. कागद उन्हापावसाने पिवळा पडलाय, पण फोटोतला अंधुक चेहरा मला दिसला, हाताने चाचपला. मास्तरांना म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं, शोकाकुल, पत्नी, बहीण. मी म्हटलं, खालची ओळ वाचा. ते म्हणाले, खाली ओळ नाही.

मी त्याला नऊ महिने पोटात वाढवला, रुमेना. त्याच्या कागदावर मी नाही. माझ्या काळजाची तुम्ही एवढी काळजी केलीत की त्यातलं दुःखच काढून घेतलंत. रागावून नाही सांगत, पण सांगते.

बिसेराला आलेली तुझी पत्रंही मी मास्तरांकडून वाचून घेतली. घर विकायचं नाही. मी बुर्गासला येणार नाही. तिसऱ्या मजल्यावरून मी कुणाच्या मागे पाणी ओतू? मी बिसेराजवळ राहणार, आणि माझ्यामागे हे घर बिसेराचं. तुला राग आला तर ये आणि समोर बसून भांड. खोली तयार आहे, पाहुण्यांची नाही, तुझी.

बिसेराला मी आज सांगणार आहे. कोठीतला रुमाल काढून ठेवलाय. दर शनिवारी तिच्या केसांना सरपणाचा वास येतो, तो मला कळत नाही असं तिला वाटतं.

तुझी आई,
सेवदा


येलोवो, १० ऑक्टोबर

ताई,

काय लिहू? परवा संध्याकाळी मी भांडी घासत होते. आई मागून आल्या, हात पुसायला लावले आणि काळा रुमाल माझ्या डोक्याला बांधला. गाठ त्यांना नीट बसेना. मी म्हटलं, "आई, हे काय?" त्या म्हणाल्या, "पुरे आता, पोरी. रड."

आठ महिन्यांनी मी घरात रडले. मास्तर त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि बघून परत आत गेले.

सकाळी आईंनी तांब्याचा तांब्या घासायला लावला. मग दोघी उंबऱ्यावर गेलो. त्यांनीच ओतलं, कबरीच्या दिशेला. पाणी पायऱ्यांवरून खाली वाटेपर्यंत गेलं. आई म्हणाल्या, "जा बाळा. उशीर झाला, पण जा."

त्यांना काही झालं नाही, ताई. दुपारी दोन वाट्या घेवडा खाल्ला.

बिसेरा


बुर्गास, १७ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि पहिल्या ओळीपाशी अडते. मनोलच्या नावाने लिहिताना हात कसा सरसर चालायचा! त्याच्याआडून मला तुला काहीही विचारता येत होतं. माझ्या नावाने विचारायला लाज वाटायची, एवढी वर्षं विचारलं नाही म्हणून. हे सगळं तुला कळलं होतं, हे वाचून मी आमच्या जिन्यातच बसले.

प्लोव्दिवच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. आता भांडण कशावर करायचं ते मी येईपर्यंत शोधून ठेवते.

सणाच्या आदल्या दिवशी पोहोचते. छापखान्यातून नवं पत्रक आणतेय. फाटकावर आपण तिघी मिळून चिकटवू, बस थांब्यावरचं जुनं काढून तिथेही लावू. मजकूर असा दिलाय. काही बदलायचं असेल तर बिसेराला दुकानातून फोन करायला सांग:

'मनोलला जाऊन आठ महिने झाले. डोंगराने त्याला नेलं, घराने त्याला सोडलेलं नाही. शोकाकुल: आई सेवदा, पत्नी बिसेरा, बहीण रुमेना.'

आई, तुझा डावा पाय कसा आहे? उशीवर ठेवून झोपतेस का?

हे मी विचारतेय.

तुझी मुलगी,
रुमेना